पाच मिनिटांचा बाक

माझा राग नाकावर असतो, हे शहापुरात आमच्या आळीत कुणीही सांगेल. बायको तर म्हणते, त्याला तिथून खाली उतरायला जिनाच ठेवलेला नाही. सरकारी दवाखान्यात गोळ्या देणाऱ्या माणसाला एवढा राग परवडत नाही. पण स्वभावाला औषध नाही म्हणतात, आणि औषधाच्या खिडकीत बसून मी ते अकरा वर्षं खरं करून दाखवलं. त्या अकरा वर्षांत मला जो काही थोडा उतार पडला, तो भालेराव सिस्टरमुळे. म्हणून त्यांच्याबद्दल लिहायला बसलो आहे. खरं सांगायचं तर दुसऱ्याच एका गोष्टीसाठी बसलो आहे, पण ती आधी सांगायचा धीर होत नाही.

आमचा दवाखाना धसईच्या पुढं, एका टेकाडावर. जागा कुणी निवडली कोण जाणे, पण त्यानं आजारी माणूस जन्मात पाहिलेला नसावा. एसटी खाली रस्त्यावर सोडते. तिथून उभा चढ, आणि वर पोचेस्तोवर बरा माणूससुद्धा पेशंट होतो. मी किन्हवलीवरून मोटरसायकलनं थेट दारात येत असे, त्यामुळे मला त्या चढाचं कधी काही वाटलं नाही. सिस्टरना वाटायचं.

ब्लडप्रेशर मोजण्याआधी माणसाला पाच मिनिटं शांत बसवावं, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. सगळ्यांना ते ठाऊक असतं आणि सहसा कुणी करत नाही. बाजाराच्या दिवशी रांग दाराबाहेर गेलेली असताना पाच मिनिटं कुणाकडे असतात? आला, दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, आकडा लिहिला, पुढचा. सिस्टरनी यावर स्वतःची तोड काढली होती. शाळेनं टाकून दिलेला एक लांब बाक त्यांनी वर आणवला आणि भिंतीला लावून ठेवला. त्यावर पाच माणसं मावत. नवीन येईल त्यानं दाराकडच्या टोकाला बसायचं. दर मिनिटाला सिस्टर घड्याळ बघून म्हणायच्या, "सरका." की सगळे एकेक जागा पुढे. टेबलाकडच्या टोकाला पोचेपर्यंत प्रत्येकाची पाच मिनिटं आपोआप भरलेली असत. रांग तेवढीच आणि वेळही तेवढाच, फक्त उभं राहायच्या ऐवजी बसून.

बसण्याचे नियम कडक. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, तोंड बंद, मोबाइल पिशवीत. आकडा जास्त आला तर रागावणं नाही की घाबरवणं नाही. परत दाराकडच्या टोकाला जाऊन बसायचं आणि परत सरकत यायचं. मग दोन्ही आकडे कागदावर.

"धापा टाकत आलेल्याचा आकडा त्याचा नसतो, चढाचा असतो," त्या म्हणायच्या. "आपल्याला माणसाचा पायजे."

सिस्टर मुरबाडकडच्याच. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, चालताना चपलांचा फटफट आवाज करणाऱ्या. दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये सासूला घेऊन राहत. नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेला, मुलगा वाशिंदला कारखान्यात. बाकाचं कौतुक केलं तर त्यांना आवडत नसे. एकदा आमचे डॉक्टर म्हणाले की हे एक प्रकारचं ध्यानच झालं. त्यावर त्या हसल्या. लहानपणी वडील त्यांना विहारात बसवायचे, डोळे मिटून श्वासाकडे बघ म्हणायचे आणि त्यांना हमखास झोप लागायची, असं त्यांनी सांगितलं. "मला ध्यान-बिन नाय येत डॉक्टर. मला फक्त पाच मिनिटं येतात."

वरच्या वाडीवरची ठकीबाय नावाची एक म्हातारी होती. धसईच्या बाजारात पळसाची पानं विकायची आणि परतताना मुद्दाम आमचा चढ चढून यायची. बाकावर बसायची, सगळ्यांबरोबर सरकत सरकत टेबलापाशी पोचायची आणि दंड पुढे न करताच उठून चालू लागायची. केसपेपर नाही, मोजणं नाही. दोन-तीनदा मी हे पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. म्हातारी फुकट एक जागा अडवते, असं मी सिस्टरना सुनावलं. त्यांनी म्हातारीलाच हाक मारून विचारलं, का गो बाय, बीपी नाय करायचा?

"नाय गो," म्हातारी म्हणाली, "मी बसाया येतंय. घरात कोण बसाया देतो?"

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकी लावून घेतली. त्यानंतर ठकीबायची जागा कुणी मोजली नाही.

माझी स्वतःची पाळी आली ती औषधांच्या साठ्यावरून. कपाटातल्या गोळ्या आणि संगणकावरचा आकडा जुळेना. नेटवर्क तर आमच्या टेकाडावर असल्यासारखं दाखवायचं आणि कामाच्या वेळी गायब. सकाळपासून माझ्या डोक्यात एकच चक्र सुरू होतं: चौकशी लागणार, निलंबन होणार, मुलीचं कॉलेज सुटणार, शहापुरात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. त्या भरात खोकल्याचं औषध मागायला आलेल्या एका बाईच्या अंगावर मी असा ओरडलो की तिच्या कडेवरचं पोर रडायला लागलं. सिस्टर उठून आल्या. त्यांनी खिडकीची कडी लावली, मला दंडाला धरून नेलं आणि बाकाच्या दाराकडच्या टोकाला बसवलं. पाच पेशंटांसमोर. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सरकत सरकत टेबलापाशी आलो तेव्हा त्यांनी पट्टा बांधता बांधता विचारलं, काय झालं? मी निलंबनापासून सुरुवात केली.

"घडलंय तेवढंच सांगा सर," त्या म्हणाल्या. "घडेल ते र्‍हाऊ द्या."

मी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा चौकशी आली. त्यांनी हात वर केला. असं तीनदा झालं. चौथ्यांदा माझ्या तोंडून एवढंच निघालं की गोळ्यांचे दोन खोके कमी भरताहेत. सकाळपासून ज्यानं माझा जीव खाल्ला होता, ते सगळं मिळून एवढंच होतं. दोन खोके. ते दुपारी लसीकरणाच्या पेटीमागे सापडलेही. पण सापडले नसते तरी ते दोनच खोके होते, हे मला त्या बाकावर कळलं. तेव्हापासून घरी, रस्त्यात, कुठेही डोक्यात चक्र सुरू झालं की मी स्वतःला विचारतो, घडलंय की घडेल? नेहमी जमत नाही. पण पूर्वी कधीच जमत नव्हतं.

बाकाचं सगळ्यांपुढे चालायचं असंही नाही. एकदा वरचे एक साहेब तपासणीला आले. मोबाइलवर भरायच्या नोंदी मागे पडल्या म्हणून त्यांनी सिस्टरना सगळ्यांदेखत बोल लावले. शेजारच्या भागातली सिस्टरची जागा दोन वर्षं रिकामी होती, तिथलं कामही याच करत होत्या, हे साहेबांना ठाऊक नसावं किंवा असावं. बोलून झाल्यावर जरा माझंही बीपी बघा म्हणाले. सिस्टरनी बाकाकडे बोट केलं. साहेब बसले, पण दुसऱ्याच मिनिटाला फोन वाजला आणि ते उठले. मग उभ्याउभ्याच दंड पुढे केला. आकडा बघून म्हणाले, मशीन बिघडलंय. सिस्टरनी हो म्हटलं, आकडा वहीत लिहिला आणि पुढे शेऱ्याच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: साहेब बसले नाहीत.

आम्ही त्या शेऱ्यावर महिनाभर हसलो. सिस्टर हसल्या नाहीत, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

त्यांच्या सासूच्या गोष्टींवरही आम्ही असेच हसायचो. म्हातारीचं डोकं काम देईनासं झालं होतं. सुनेला ओळखायची नाही, ही कोण बाई माझ्या घरात शिरते म्हणून दाराला आतून कडी लावायची. सिस्टर जेवायच्या सुट्टीत घरी गेल्या की कधीकधी निम्मी सुट्टी दार वाजवण्यात जायची. एकदा तिनं त्यांचं मनगटी घड्याळ तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलं. दोन दिवसांनी तांदूळ काढताना सापडलं. हे सगळं सिस्टर आम्हाला इतकं रंगवून सांगत, म्हातारीचा आवाज काढून, की आमची हसून पुरेवाट व्हायची. आज लिहिताना त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला सापडत नाही. ती बाई तापलेल्या उन्हात स्वतःच्या घराबाहेर उपाशी उभी राहत होती आणि आम्ही तिच्याकडून त्याची नक्कल करून घेत होतो.

आता ती गोष्ट.

सगळ्या कर्मचाऱ्यांची वर्षातून एकदा तपासणी करून तक्ता भरून पाठवा, असा आदेश होता. आदेश आला तेव्हा कुणी पाहिला नाही. आठवण आली ती पाठवायच्या दिवशी, आणि काम माझ्याकडे. वजन, उंची, साखर, बीपी. चार जणांचं मी खरं मोजलं. दोन जण बाहेरगावच्या फेरीवर होते, त्यांचं मागच्या वर्षीचं उतरवलं. सिस्टर लसीकरणाच्या खोलीत होत्या. आत पोरांचा आकांत चाललेला. मी दारातूनच ओरडलो, सिस्टर, तुमचं बीपी राहिलंय. त्यांनी मान वर न करता हात हलवला. "माझं काय, लिवा."

मी लिहिलं. एकशेवीस-ऐंशी.

आमच्या क्षेत्रातल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. मोजायला वेळ नसला की जो आकडा लिहितात तो हा. कुणाला संशय येत नाही, कुणी उलटून विचारत नाही. अशा किती दंडांवर, ज्यांना पट्टा कधी लागलाच नाही, हा आकडा बसलेला असेल. पण इतरांचं लिहिताना हात जरा तरी अडखळतो. सिस्टरचं लिहिताना माझा अडखळला नाही. मला वाटलं, यांना कसलं आलंय टेन्शन. ज्या सगळ्या तालुक्याला बसायला शिकवतात, त्यांचं हेच असणार. मी खोटं लिहितोय असंसुद्धा मला वाटलं नाही, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

पुढच्या महिन्यातला बाजाराचा दिवस. सकाळची साडेदहा-अकराची वेळ. मी खिडकीत होतो. बाक माझ्या खिडकीतून दिसत नाही, पण "सरका" ऐकू येतं. इतक्या वर्षांत त्याची सवय झाली होती, जशी घरच्या घड्याळाच्या टिकटिकीची होते. त्या दिवशी काहीतरी चुकतंय असं वाटू लागलं आणि काय ते कळेना. मग लक्षात आलं की बराच वेळ "सरका" आलेलं नाही. मी उठून गेलो. बाकावर पाच माणसं नियमाप्रमाणे बसलेली, तोंड बंद, पाय जमिनीवर, शब्दाची वाट बघत. टेबलापाशी एका शेतकऱ्याच्या दंडाला पट्टा बांधलेला. सिस्टर उभ्या, हातात रबरी फुगा, आणि त्या फुग्याकडे टक लावून बघताहेत.

"सर," त्या म्हणाल्या, जीभ जड झालेली, "हात ऐकत नाय."

मुरबाड, तिथून कल्याण. मीही बरोबर गेलो. रुग्णवाहिकेत डॉक्टरांनी मोजलं तेव्हा वरचा आकडा दोनशेच्या पुढे होता. कल्याणच्या डॉक्टरांनी विचारलं, आधी बीपीचा त्रास होता का, काही नोंद आहे का? आमच्या डॉक्टरांनी मोबाइलवर तो तक्ता उघडून दाखवला. मागच्या महिन्यातच तपासणी झालीय, एकशेवीस-ऐंशी. मग अचानकच चढलं म्हणायचं, ते डॉक्टर म्हणाले आणि तसंच कागदावर लिहिलं. मी तिथेच उभा होतो. तोंड उघडून एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं. मी उघडलं नाही.

सिस्टरची उजवी बाजू गेली. जीव वाचला. मुलानं त्यांना आणि आजीला वाशिंदला आपल्या घरी नेलं. दवाखान्यात नवीन सिस्टर आल्या, कामाला चांगल्या, पण बाक त्यांनी व्हरांड्यात काढला, कारण आत जागा होईना. ठकीबाय एकदा आली, आत डोकावली आणि चढ उतरून गेली. एक दिवस आमचा एक सहकारी चहा पिता पिता म्हणाला की लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दुसऱ्यांना बसवलं, पण स्वतः कधी बसल्या का? मी कप आपटला आणि त्याला नको नको ते बोललो. घरी जाताना मोटरसायकलवर मात्र तेच डोक्यात घोळत राहिलं. अकरा वर्षांत मी त्यांना त्या बाकावर बसलेलं एकदाही पाहिलं नव्हतं. त्या जेवणाचा डबासुद्धा भिंतीला टेकून उभ्यानं खात.

आठ महिने मी त्यांना भेटायला गेलो नाही. शहापूरहून वाशिंद ते किती लांब? शेवटी बायकोनंच विचारलं की तुम्ही त्या बाईला इतकं का घाबरता. तिला सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो.

तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली लांब लाकडी दिवाण. त्यावर सिस्टर बसलेल्या आणि शेजारी सासू. मुलाची बायको चहा ठेवायला आत गेली. सिस्टर वाळल्या होत्या. उजवा हात मांडीवर कुणी आणून ठेवल्यासारखा पडलेला. मला बघून अर्ध्या चेहऱ्यानं हसल्या. शब्द एकेक करून, शोधून येत होते, पण येत होते.

मी येताना वाक्यं जुळवून आणली होती. बोलायला लागलो आणि सगळी एकदम बाहेर आली. की तेव्हा मोजलं असतं तर कळलं असतं, गोळी सुरू झाली असती, हात गेला नसता, नोकरीची शेवटची वर्षं मानानं गेली असती, माझ्यामुळे तुमचं सगळं, आणि आता मला लोक काय...

त्यांनी डावा हात वर केला.

"घडलंय," त्या म्हणाल्या. थांबल्या. "तेवढंच."

"मी मोजलं नाही, सिस्टर. न मोजता एकशेवीस-ऐंशी लिहिलं."

आत चहाचं भांडं वाजलं. म्हातारी माझ्याकडे बघत होती, सिस्टर खिडकीकडे.

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "त्याच्या आदी... घरी मीच घेतलेला. दोनदा. मोठा आलता." पुढचं वाक्य यायला फार वेळ लागला. "तुमी लिवलं... मला बरं वाटलं. वाटलं, असंल तसंच."

मी आठ महिने जे काही सोबत वागवत होतो, त्याहून हे जड होतं. दुसऱ्याचा आकडा खरा यावा म्हणून जी बाई शाळेचा बाक टेकाडावर चढवते, तिनं स्वतःचा आकडा लपवला होता, आणि माझ्या खोट्यानं तिला त्याच्यापासून सुट्टी मिळाली होती. घाबरली होती ती. सासूला कोण बघेल, दोन भागांचं काम कोण करेल, सगळं घडेल ते तिच्याही डोक्यात होतं. तिला पाच मिनिटं बसवायला मात्र कुणी नव्हतं. आम्ही होतो, पण आम्ही हसत होतो.

खिडकीजवळच्या स्टुलावर बीपीचं मशीन होतं, मुलानं आणून ठेवलेलं, बटनाचं. मला काहीतरी करायला हवं होतं म्हणून मी उठलो, मशीन दिवाणाच्या टोकाला आणलं आणि पट्टा उलगडला. सिस्टरनी पुन्हा हात वर केला. या वेळी पाची बोटं पसरून.

मी स्टूल त्या टोकाशी ओढून बसलो. त्या दिवाणाच्या दुसऱ्या टोकाला होत्या. भिंतीवरच्या घड्याळात एक मिनिट झालं तशा त्या डाव्या हाताचा रेटा देऊन एक जागा सरकल्या. त्यांना सरकताना बघून म्हातारीही पुढं सरकली. दुसऱ्या मिनिटाला पुन्हा. म्हातारीला सून ओळखू येत नव्हती, पण सरकायचं तिला बरोबर कळलं होतं.

पाच मिनिटं झाली. मी पट्टा बांधला, बटन दाबलं. आकडा आला. एकशेअडुसष्ट, एकशेदोन.

"लिवा," त्या म्हणाल्या.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत मी तो लिहिला. त्यांच्या नावापुढे मी लिहिलेला पहिला खरा आकडा. अक्षर वाईट आलं. त्यांनी मान तिरकी करून तो वाचला आणि मान हलवली.

मग त्या पुन्हा मागे सरकू लागल्या, इंच इंच, दिवाणाच्या त्या टोकापर्यंत. जास्त आला की परत बसायचं, हा त्यांचाच नियम. तिथे पोचल्यावर त्यांनी डाव्या हातानं उजवा पाय उचलला, नीट जमिनीवर टेकवला, पाठ भिंतीला लावली आणि तोंड मिटून बसल्या.